सरकारी अनुदानातून पहिलं मोठं यंत्र घेताना: कॉलेजातल्या नवख्या विभागप्रमुखांसाठी

आमच्या भौतिकशास्त्र विभागाचा एक्स-रे डिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे आपल्या बोलीत एक्सआरडी, क्ष-किरणांनी पदार्थाची स्फटिकरचना तपासणारं यंत्र, आला तो जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, भर पावसात. ट्रक पोर्चला लागला, सहा हमालांनी पेटी उतरवली आणि प्रयोगशाळेचे मामा टेप घेऊन दाराशी गेले. "मॅडम, पेटी एकशे अडतीस हाय आन् दार एकशे बारा. कशी जायची?" पेटी तिथंच फोडून यंत्र आत नेता आलं असतं, पण कंपनीचा इंजिनिअर समोर नसताना पेटी उघडली तर वॉरंटी जाते, आणि इंजिनिअर होता चेन्नईत. साडेतीन वर्षांच्या धावपळीनंतर मिळालेलं ते यंत्र पुढचे अकरा दिवस पोर्चमध्ये ताडपत्रीखाली राहिलं. चौकट तोडायला गवंडी मिळाला तो आठव्या दिवशी.

यात कंपनीचा दोष नव्हता. दाराची रुंदी मोजायचं काम माझं होतं आणि ते करायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खालचं सगळं त्यासाठी लिहिते आहे. मी ज्या वाटेनं गेले ती केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची, म्हणजे डीएसटीची, फिस्ट योजना. तुमचा पैसा दुसरीकडून येणार असला तरी पायऱ्या साधारण याच असतात.

१. आधी ठरवा: घ्यायचंच आहे का?

पहिला प्रस्ताव लिहायच्या आधी एक वही घाला. विभागातून बाहेर मोजणीसाठी जाणारा प्रत्येक नमुना तिच्यात लिहा: कुणाचा, कुठं पाठवला, पैसे किती गेले, निकाल किती दिवसांनी आला. आमच्या वहीत चौदा महिन्यांत दोनशेच्या वर नोंदी झाल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त एक्सआरडीच्या होत्या. यंत्र कोणतं मागायचं हा प्रश्न तिथंच मिटला.

वही भरेपर्यंत बाहेरची यंत्रं वापरा. आयआयटी मुंबईत सैफ आहे, म्हणजे बाहेरच्यांचेही नमुने मोजून देणारं उपकरण केंद्र. १९७६ साली ते सुरू झालं तेव्हा त्याचं नाव आरएसआयसी होतं, अजूनही जुने प्राध्यापक तेच म्हणतात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात सैफ आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि विद्यापीठाची मध्यवर्ती उपकरण सुविधा आहे. शिवाय २०२० च्या जानेवारीत सुरू झालेलं आय-स्टेम पोर्टल आहे. सरकारी पैशातून घेतलेली देशभरातली यंत्रं तिथं एका ठिकाणी शोधता येतात आणि वेळ मागता येते. ही यंत्रं तुमच्या-माझ्या करातून आलेली आहेत, मागायला संकोच करू नका. मी पहिली दोन वर्षं उगीच करत होते.

काही यंत्रं मात्र तालुक्याच्या गावी मागूच नयेत. पाचशे मेगाहर्ट्झच्या एनएमआरचं, म्हणजे चुंबकाच्या मदतीनं रेणूची रचना ओळखणाऱ्या यंत्राचं, उदाहरण घ्या. त्याचा चुंबक ११.७ टेस्लाचा, अतिवाहक तारेचा, आणि तो वर्षानुवर्षं द्रवरूप हेलियममध्ये बुडालेला ठेवावा लागतो. हेलियम वेळेवर भरला नाही तर चुंबक क्वेंच होतो, म्हणजे सगळा हेलियम काही मिनिटांत वाफ होऊन उडून जातो. पुण्या-मुंबईपासून दोनशे किलोमीटरवर हा सांभाळ कोण करणार? खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीकडे बघा. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, पण एकाही कॉलेजाला स्वतःची दुर्बीण लागत नाही. प्रस्ताव लिहायचा, तो गुणवत्तेवर मंजूर झाला तर निरीक्षणाचा वेळ मिळतो. मोठ्या यंत्रांचं हेच बरं.

२. पैसे कोण देतं ते ओळखा

फिस्ट २००० सालापासून चालू आहे. व्यक्तीला नाही, विभागाला मिळते, मुदत पाच वर्षांची. पदव्युत्तर अभ्यासक्रम असलेल्या कॉलेजांनाही अर्ज करता येतो. पैसे प्रामुख्याने यंत्रासाठी असतात, थोडे संगणक आणि देखभालीसाठी. माणसाच्या पगाराची आशा धरू नका.

पदवी पातळीवरच्या जीवशास्त्र-रसायनशास्त्रवाल्यांनी जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना बघावी. त्यातून अध्यापनाची छोटी उपकरणं चांगली होतात. राज्यात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे, त्याचा पैसा बहुधा विद्यापीठांमार्फत फिरतो. तेव्हा आपल्या विद्यापीठाच्या संशोधन कक्षात जाऊन विचारा, वेबसाइटवर शोधत बसू नका. एकट्या प्राध्यापकाच्या प्रकल्पासाठी पूर्वी एसईआरबी होतं. आता ते अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात, म्हणजे एएनआरएफमध्ये, सामावलं गेलं आहे. कायदा २०२३ चा.

एक गोष्ट सुरुवातीलाच कागदावर लिहून ठेवा: पैसा केंद्राचा की राज्याचा. केंद्राचा असेल तर खरेदी जीएफआर २०१७, म्हणजे केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणे. राज्याचा असेल तर उद्योग विभागाचा १ डिसेंबर २०१६ चा शासन निर्णय. आमच्या कार्यालयात दोन्हींची सरमिसळ करून एक फाइल चार महिने फिरली होती.

३. कागद

अर्जाची खिडकी महिना-दीड महिनाच उघडी असते. त्यात हे जमत नाही, आधीच एका फाइलमध्ये लावून ठेवा:

- यूजीसीच्या २(एफ) आणि १२(बी) मान्यतेची पत्रं
- नॅकचं प्रमाणपत्र, मुदतीतलं
- संस्थेचं पॅन, जीएसटी क्रमांक, पीएफएमएस (केंद्राच्या निधीचं पोर्टल) नोंदणी, आणि ट्रस्टचं कॉलेज असेल तर दर्पण पोर्टलचा क्रमांक
- विभागातले कायम प्राध्यापक, पदव्युत्तर आणि पीएच.डी. विद्यार्थ्यांची पाच वर्षांची संख्या
- शोधनिबंधांची यादी. जिथं बाहेरच्या यंत्राचा वापर झाला ते निबंध वेगळे दाखवा
- आत्ता विभागात असलेल्या उपकरणांची यादी, चालू आणि बंद अशी
- निदान तीन पुरवठादारांची अंदाजे दरपत्रकं
- प्राचार्यांचं हमीपत्र: जागा, वीज, देखभाल संस्था देईल

बंद पडलेली यंत्रं यादीतून लपवू नका. आमच्याकडे १९९० च्या दशकातला एक स्पेक्ट्रोफोटोमीटर बारा वर्षं बंद होता. तो का बंद पडला आणि आता तसं का होणार नाही, हे आम्ही एका परिच्छेदात लिहिलं. समितीतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत."

४. अंदाजपत्रक: इथंच बहुतेकांचा घात होतो

पुरवठादार जो आकडा देतो तो यंत्राचा. तुमचा खर्च वेगळा.

पहिला सापळा जीएसटीचा. पूर्वी सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संशोधन संस्थांना शास्त्रीय उपकरणांवर ५ टक्के सवलतीचा दर मिळायचा. १८ जुलै २०२२ पासून ती सवलत गेली. आता बहुतेक उपकरणांना १८ टक्के लागतात. जुन्या प्रस्तावाची नक्कल करून लिहिणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. सत्तर लाखांच्या यंत्रावर ५ टक्के म्हणजे साडेतीन लाख, १८ टक्के म्हणजे बारा लाख साठ हजार. फरक नऊ लाख दहा हजारांचा, आणि तो मंजूर रकमेत कुठंच नसतो. मग यंत्राचे सुटे भाग कापायला सुरुवात होते.

दुसरा सापळा विनिमय दराचा. दरपत्रक युरोत किंवा येनमध्ये असतं, मंजुरी रुपयांत येते, आणि मधे दीड-दोन वर्षं जातात. निदान पाच टक्के जास्त धरा. आयात शुल्कातली सवलत हवी असेल तर डीएसआयआरकडे, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाकडे, संस्थेची नोंदणी लागते. ती मुदतीत आहे का, आणि कोणती सवलत चालू आहे, हे ऑर्डरच्या आधी बघा, माल विमानतळावर उतरल्यावर नाही.

तिसरा सापळा म्हणजे यंत्राभोवतीचा संसार. एक्सआरडीची साधी ट्यूब ४० किलोव्होल्ट आणि ४० मिलिअँपिअरवर चालते, म्हणजे १६०० वॅट. त्यातले जेमतेम एक टक्का क्ष-किरण होतात, उरलेली सगळी उष्णता. एक इस्त्री चोवीस तास एका मुठीएवढ्या जागेत चालू ठेवल्यासारखं आहे ते. ती उष्णता काढायला चिलर, म्हणजे थंड पाणी फिरवत ठेवणारं यंत्र, लागतो. चिलरसाठी शुद्ध पाणी लागतं, कारण आपल्याकडचं बोअरचं पाणी सहा महिन्यांत नळ्यांत क्षार धरतं. मग यूपीएस, दोन एसी, वेगळं अर्थिंग, संगणक. आमच्या यादीत या सगळ्याचे मिळून अकरा लाख झाले. मूळ प्रस्तावात मी दीड लाख धरले होते.

आणि देखभाल करार. दोन प्रकार असतात. एएमसीमध्ये इंजिनिअर येतो, सुटा भाग तुमच्या पैशांनी. सीएमसीमध्ये भागही त्यांचे. पण दोन्हींत एक्स-रे ट्यूब बहुधा येत नाही, ती झिजणारी वस्तू समजतात आणि तिची किंमत लाखांत असते. तीन वर्षांची वॉरंटी आणि पुढच्या पाच वर्षांच्या सीएमसीचा दर टेंडरमध्येच मागून घ्या. नंतर मागितलात तर तुमच्याकडे घासाघीस करायला काही उरलेलं नसतं.

५. सादरीकरण

यावर फार लिहीत नाही. दहा-बारा मिनिटं मिळतात, आणि संस्थेच्या इमारतीचे ड्रोनने काढलेले फोटो दाखवण्यात तीन मिनिटं घालवणारे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. समितीला तीन गोष्टी हव्या असतात: हे यंत्र नसल्यामुळं काय अडलं आहे, ते कोण चालवणार, आणि बाहेरच्यांना मिळणार का. पहिल्याचं उत्तर तुमची वही. दुसऱ्यासाठी दोन माणसांची नावं सांगा, एक नाही, कारण एकाची बदली होते किंवा तो बाळंतपणाच्या, आजारपणाच्या रजेवर जातो. तिसऱ्यासाठी शेजारच्या चार कॉलेजांची "आम्हीही वापरू" अशी पत्रं न्या. आमच्या बाजूने सगळ्यात वजनदार कागद तोच ठरला.

६. खोली, ऑर्डरच्या आधी

मंजुरीचं पत्र आलं की पेढे वाटा आणि दुसऱ्या दिवशी टेप घेऊन फिरा. फाटकापासून यंत्राच्या जागेपर्यंतचं प्रत्येक दार, वळण, जिना, व्हरांड्यातले खांब. पुरवठादाराकडून पेटीची लांबी-रुंदी-उंची आणि वजन लेखी मागा. यंत्राची मापं वेगळी, पेटीची वेगळी. शक्यतो खोली तळमजल्यावर घ्या. वरच्या मजल्यावर घेतलीत तर स्लॅब किती वजन पेलेल हे संस्थेच्या इंजिनिअरकडून लिहून घ्या.

वीज: महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज लगेच टाका. थ्री-फेज लाइन प्रयोगशाळेपर्यंत यायला आम्हाला पाच महिने लागले. त्यातले तीन कागदांत गेले आणि एक दिवाळीत.

अर्थिंगबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण याची टर उडवली जाते. आमच्या वायरमननं जुन्या अर्थिंगलाच तार जोडली आणि म्हणाला, "मॅडम, सगळं कॉलेज ह्याच्यावर चालतंय." इंजिनिअरनं येऊन न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर धरला. नऊ व्होल्ट. त्यांना दोनच्या खाली हवं होतं. तो त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत गेला आणि पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली. मग इमारतीच्या मागं तीन मीटर खड्डा घेतला, तांब्याची पट्टी, मीठ-कोळसा घातला, वर पाणी ओतायला पाइप ठेवला. उन्हाळ्यात दर आठवड्याला त्यात बादलीभर पाणी ओतायचं काम मामांकडं आहे. आता मीटर सव्वा व्होल्ट दाखवतो. इंजिनिअर यायच्या आधी हा मीटर स्वतः धरून बघा. शंभर रुपयांचं काम आहे.

क्ष-किरणांचं यंत्र असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागतात. ई-लोरा पोर्टलवर संस्थेची नोंदणी करावी लागते. ते काम प्राचार्यांच्या नावानं होतं, त्यांचा मोबाइल ओटीपीसाठी लागतो. प्राचार्य परिषदेला बाहेरगावी असताना हे काढू नका. यंत्राच्या मॉडेलला मंडळाची कोणती मान्यता आहे हे पुरवठादाराकडून टेंडरमध्येच लेखी घ्या.

७. स्पेसिफिकेशन आणि टेंडर

दोन टोकांच्या चुका होतात. एकात ओळखीचा प्रतिनिधी "मॅडम, मी ड्राफ्ट पाठवतो" म्हणतो, आपण तो तसाच टाकतो, आणि दुसरी कंपनी लेखी तक्रार करते की अटी एकाच मॉडेलला बसवलेल्या आहेत. तक्रार बहुधा खरी असते. टेंडर रद्द, सहा महिने गेले. दुसऱ्यात आपण इतकं मोघम लिहितो की कुणीही बसतं, आणि नियमाप्रमाणं सगळ्यात कमी दर देणाऱ्यालाच, एल-वनला, द्यावं लागतं. मग डिटेक्टर जुन्या पिढीचा येतो आणि ज्या मोजणीला दहा मिनिटं लागावीत तिला दीड तास लागतो.

मधला रस्ता असा. यंत्राचं वर्णन लिहू नका, यंत्रानं काय करून दाखवायचं ते लिहा. "गोनिओमीटरची (कोन मोजणाऱ्या भागाची) त्रिज्या अमुक मिलिमीटर" ही एका कंपनीची खूण झाली. "एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या एसआरएम १९७६ या ॲल्युमिना तबकडीच्या आलेखातल्या सगळ्या शिखरांची जागा प्रमाणित किमतीच्या ०.०२ अंशाच्या आत आली पाहिजे" ही कामाची अट झाली. ती कुणालाही पाळता येते आणि कुणालाही नापास करता येते. प्रत्येक अटीसमोर स्वतःला विचारा: ही का हवी? उत्तर वहीतल्या एखाद्या नमुन्यात सापडलं नाही तर अट खोडा.

टेंडर दोन पाकिटांचं ठेवा, तांत्रिक आणि आर्थिक. तांत्रिक पाकीट उघडल्यावर तुलनात्मक तक्ता अटीनुसार करा आणि खरेदी समितीतल्या बाहेरच्या तज्ज्ञाला प्रत्येक पानावर सही करायला लावा. कंटाळा येतो, पण पुढं लेखापरीक्षक तेच पान मागतो.

जेमवरची, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवरची, पायरीही चुकवू नका. वस्तू जेम पोर्टलवर नसली तरी "नाही" असा अहवाल तिथूनच काढून फाइलला लावावा लागतो. परदेशी मालासाठी मेक इन इंडिया आदेशातली अट आडवी येते. २०० कोटींपर्यंतच्या खरेदीला ग्लोबल टेंडर नको असा साधारण नियम आहे. संशोधनाला त्यातून वाट आहे, पण पूर्वी ती परवानगी वरून, मंत्रालयाच्या सचिवांकडून यायची. जून २०२५ मध्ये केंद्रीय वित्त मंत्रालयानं ती संशोधन संस्थांचे संचालक आणि कुलगुरू यांच्या हाती दिली. त्याच आदेशानं दरपत्रकाशिवायची थेट खरेदी २ लाखांपर्यंत आणि खरेदी समितीमार्फतची २५ लाखांपर्यंत नेली. आपल्या कॉलेजाला हे कसं लागू होतं ते विद्यापीठाच्या वित्त अधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. तोंडी "चालतंय की" वर जाऊ नका. ते अधिकारी पुढच्या वर्षी निवृत्त होतात.

कधी वैताग येतो. औंढ्याला लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेसाठी २०२३ साली केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले, आणि आपण सत्तर लाखांसाठी एवढे हेलपाटे घालतो, असं आमचे एक सर चहाला म्हणाले. तिथंही हीच टेंडरं असणार सर, फक्त फाइल जाडी.

८. ऑर्डर ते विमानतळ

परदेशी पुरवठादाराला पैसे बहुधा एलसीनं, म्हणजे बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटनं, जातात: माल निघाल्यावर ९० टक्के, यंत्र बसून चाचणी झाल्यावर १०. हे दहा टक्के सोडू नका. "शंभर टक्के आगाऊ दिलेत तर सूट" म्हणतील, नको म्हणा. ते दहा टक्के अडकलेले असतात म्हणून इंजिनिअर परत येतो.

माल मुंबईला सहारच्या कार्गोला उतरला की घड्याळ सुरू होतं. कागद अपुरे असतील तर दिवसागणिक डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं, लागतं, आणि डेमरेजला अनुदानात जागा नसते. कस्टम्सच्या एजंटला इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, एअरवे बिल, डीएसआयआरचं प्रमाणपत्र यांच्या प्रती माल निघायच्या आधी पाठवा. विम्याची मुदत कुठपर्यंत ते वाचा. अनेक पॉलिसी विमानतळावर संपतात. तुम्हाला ती प्रयोगशाळेच्या दारापर्यंत हवी.

९. पेटी आल्यावर

पेटीच्या बाजूला दोन छोटे स्टिकर असतात. एक धक्क्याचा, एक तिरकं झाल्याचा. ट्रकमधून उतरवायच्या आधी त्यांचे फोटो काढा, ट्रकचा नंबर मागं दिसेल असे. स्टिकर लाल झाला असेल तर माल परत पाठवू नका, डिलिव्हरी चलनावर "टिल्ट इंडिकेटर लाल" असं हातानं लिहून चालकाची सही घ्या आणि त्याच दिवशी विमा कंपनीला व पुरवठादाराला मेल टाका. आमचा लाल नव्हता. पण फोटो काढताना कोपऱ्यातली एक फळी तुटलेली दिसली, ती नोंद पुढं कामाला आली: आत चिलरची एक नळी चेपलेली निघाली आणि ती विनाखर्च बदलून मिळाली.

१०. चाचणी

इंजिनिअर दोन-तीन दिवस असतो. त्याला आल्या दिवशी चहा पाजा आणि टेंडरमधलं चाचणीचं पान हातात द्या. सिलिकॉनचा १११ चा शिखर तांब्याच्या ट्यूबवर २८.४४ अंशाला आला पाहिजे. आला नाही तर आधी नमुन्याची उंची बघायची. ॲल्युमिनाची तबकडी वर सांगितलेल्या अटीत बसली पाहिजे. सगळ्या फाइली तुमच्या पेन ड्राइव्हवर घ्या. आणि तुमच्या वहीतले पाच जुने नमुने, ज्यांचे बाहेरचे निकाल तुमच्याकडं आहेत, ते त्याच्यासमोर लावा.

"मॅडम, आज रात्रीची गाडी आहे, इन्स्टॉलेशन रिपोर्टवर सही करा, उरलेलं ऑनलाइन करू." ही ओळ प्रत्येकाला ऐकावी लागते. सही करू नका. मी केली, आणि सॉफ्टवेअरचा डाटाबेस बसायला पुढं सात महिने लागले.

११. हिशेब

यंत्र डेड स्टॉक रजिस्टरला त्याच आठवड्यात चढवा: पान नंबर, अनुक्रमांक, योजनेचं नाव. यंत्रावर त्या नंबरचा आणि योजनेचा उल्लेख असलेली पट्टी लावा. अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र जीएफआर १२-ए नमुन्यात जातं, सोबत खर्चाचं विवरणपत्र, दोन्हींवर सनदी लेखापालाची सही. अनुदानावर बँकेत व्याज पडलं असेल तर ते तुमचं नाही, भारतकोश पोर्टलवरून केंद्राला परत जातं. त्या व्याजातून प्रिंटर घेतलेला एक विभाग मला माहीत आहे. पुढचा हप्ता दोन वर्षं अडला. अशा पैशातून घेतलेलं यंत्र दात्या विभागाच्या परवानगीशिवाय विकता किंवा मोडीत काढता येत नाही, हेही रजिस्टरच्या त्याच पानावर लिहून ठेवा. पंधरा वर्षांनी तिथं दुसरं कुणीतरी असेल.

१२. पहिलं वर्ष

यंत्र आय-स्टेमवर नोंदवा. डीएसटीच्या २०२२ च्या श्रीमान धोरणाचा रोखही सरकारी पैशाची यंत्रं एकमेकांना वापरू देण्याकडं आहे. दरपत्रक तीन रकान्यांचं करा: आपले विद्यार्थी, इतर कॉलेजं, उद्योग. आमच्याकडं आसपासचे दोन सिरॅमिकवाले येतात, त्यांच्या पैशांत चिलरचं पाणी आणि फिल्टर निघतात. ज्या चार कॉलेजांनी पत्रं दिली होती त्यांना पहिल्या महिन्यात स्वतःहून फोन करा.

लॉगबुक कागदी ठेवा, जाड पुठ्ठ्याचं, दोरीनं टेबलाला बांधलेलं. वेळ, नाव, नमुना, केव्ही, एमए, चिलरचं तापमान. तापमानाचा रकाना रोज भरला तर चिलर बिघडायच्या तीन आठवडे आधी कळतं: २० वर स्थिर असलेला आकडा २१, २१.५ असा चढायला लागतो.

दिवाळीच्या सुट्टीला जाण्याआधी ट्यूब बंद करा, चिलरमधलं पाणी बघा, खोलीची किल्ली मामांकडं द्या. परत आल्यावर थेट चाळीस-चाळीसला जाऊ नका. बरेच दिवस बंद राहिलेली ट्यूब वीस किलोव्होल्टपासून टप्प्याटप्प्यानं चढवायची असते, कंपनीच्या पुस्तिकेत त्याचा तक्ता असतो. तो तक्ता झेरॉक्स करून यंत्राच्या दारावर चिकटवा, कारण पहिल्या दिवशी सकाळी घाईत यंत्र चालू करणारा बहुधा एम.एस्सी. भाग दोनचा मुलगा असतो.